बैलाचे दात बघतो, माणसाचं तोंड कधी बघणार?



बैल घ्यायला बाजारात गेलो की आपण आधी जबडा धरतो, तोंड उघडतो, दात बघतो. भावाचं नंतर. पण घरातल्या माणसाच्या गालाच्या आत आपण कधी बघितलंय का? मी तरी नव्हतं बघितलं. माझ्या चुलत्यांना कालवण झोंबायला लागलं तेव्हा आम्ही म्हणलो, "उष्णतेनं तोंड आलंय." तिखट कमी केलं, गालाला तूप लावलं. सात-आठ महिन्यांनी तोंडात दोन बोटंसुद्धा जाईनात, तेव्हा दवाखान्यात नेलं. जबड्याचा तुकडा काढावा लागला. तरी माणूस दीड वर्षच राहिला. तीस वर्षं तंबाखूचा बार एकाच गालात होता, आणि त्या गालात आम्ही एकदाही डोकावलो नाही.

हे एका रात्रीत होत नाही, म्हणून लिहितोय.

गालाच्या आतलं अस्तर पेशींच्या अनेक थरांचं असतं. नव्या पेशी जन्मतात त्या तळाकडच्या थरात. तिथून त्या वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी लाळेबरोबर, घासाबरोबर झडून जातात. जेवढ्या झडल्या तेवढ्याच नव्या, असा चोख हिशोब. साधारण दोन आठवड्यांत अस्तर नवं होतं. म्हणून तर जेवताना गाल चावला तरी आठ-दहा दिवसांत आपोआप भरून येतो.

आता त्याच जागी रोज तंबाखू-चुना ठेवा. चुना अस्तर पोळतो. तंबाखूतली रसायनं पेशीच्या आतल्या डीएनएला इजा करतात. झालेलं नुकसान भरायला पेशी जास्त वेळा विभागतात आणि चुका साठत जातात. मग हिशोब बिघडतो. पेशींची वाढ तळाशी न थांबता वरच्या थरांतही सुरू होते, पेशी वेड्यावाकड्या दिसायला लागतात. डॉक्टर छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ते हेच, की बिघाड किती थर वर आलाय. त्यावरून सौम्य, मध्यम की तीव्र ते ठरतं. तोवर अस्तराखालचा पातळ पडदा शाबूत असतो. बिघडलेल्या पेशींनी तो बांध फोडला आणि खालच्या मांसात उतरल्या, की त्याला कर्करोग म्हणायचं.

बांध फुटण्याआधी बऱ्याचदा काही वर्षं हातात असतात. या काळात अनेकदा पांढरा चट्टा दिसतो. लाल चट्टा त्याहून धोक्याचा. आणि दुखत नाही, हीच खरी फसवणूक. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होत नाही. तंबाखू सोडल्यावर कितीतरी चट्टे विरतात. मावा-गुटख्यातल्या सुपारीचं मात्र वेगळं आहे. तिच्यामुळं गाल आतून कडक होतात, तोंड उघडेनासं होतं, आणि ते पुन्हा पहिल्यासारखं क्वचितच होतं. सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलंय. "मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्या पोरांनी हे ध्यानात घ्यावं.

राज्यात गुटखाबंदी जुलै २०१२ पासून आहे. पुडी कुठं मिळते हे मात्र आपल्या आष्टी तालुक्यात शाळकरी पोरालाही विचारावं लागत नाही. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातले दर शंभर प्रौढांत चोवीसपेक्षा जास्त जण बिनधुराची तंबाखू वापरणारे निघाले. त्यात मशेरी लावणाऱ्या आपल्या आया-बहिणी आल्याच.

माझं म्हणणं साधं आहे. दसऱ्यानंतर आपल्याकडून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. पाच-सहा महिने माणूस फडात. तिथं भूक आणि झोप मारायला तंबाखू, आणि दवाखाना लांब. मग गाड्या भरायच्या आधी गावागावात एक दिवस तोंड तपासणीचा का नको? तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचं तोंड तपासणं सरकारी कार्यक्रमात आधीच आहे. आशाताईंच्या फॉर्मात तंबाखूचा प्रश्नही आहे. पण फॉर्म भरणं वेगळं आणि बॅटरी लावून गालात बघणं वेगळं. ग्रामपंचायतीनं तारीख ठरवावी, उपकेंद्रानं माणूस द्यावा, मुकादमानं टोळी आणावी. उचल देताना अंगठा घेता ना, तसंच हे.

"बघून काय होतंय?" असं कोणी म्हणेल. केरळात तिरुवनंतपुरमला प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन फक्त डोळ्यांनी तोंडं तपासली. २००५ मध्ये निकाल आला. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. मोठं मशीन नाही, काही नाही. आणि आपल्या जवळच्या बार्शीत १९८७ पासून गावोगाव फिरून कर्करोगाची नोंद होते, म्हणजे खेड्यात असलं काम जमत नाही हेही खोटं. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. पण उशीर झाल्यावर योजना बिल भरते, जबडा परत देत नाही.

तपासणीचा दिवस ठरेल तेव्हा ठरेल. आज रात्री एवढं करा. चूळ भरा, आरशासमोर मोबाईलची बॅटरी लावा. दोन्ही गालांच्या आत, ओठांच्या मागं, जिभेच्या कडा आणि जिभेखाली बघा. तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. पांढरा-लाल चट्टा, गाठ किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, तर तूप-हळद लावत बसू नका, दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. निरोगी अस्तराला तेवढे दिवस पुरतात. त्यापुढं टिकलेली गोष्ट उष्णतेची म्हणून सोडायची नाही.

सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ या मोफत नंबरवर फोन करा.

आणि स्वतःचं बघून झालं की घरातल्या म्हाताऱ्यांचंही बघा. ते स्वतःहून सांगणार नाहीत. आमच्या चुलत्यांनीही सांगितलं नव्हतं.