दरवर्षी येणारा तेरावा महिना

२०२४ सालच्या लोकसभा निवडणुकीचा निकाल लागून महिना भरण्यापूर्वीच देशातील तिन्ही खाजगी भ्रमणध्वनी कंपन्यांनी आपले दर वाढविले. जिओने २७ जूनला घोषणा केली, दुसऱ्याच दिवशी एअरटेल व व्होडाफोन आयडिया यांनी तिचा कित्ता गिरविला आणि जुलैच्या ३ व ४ तारखेपासून सामान्यतः अकरा ते पंचवीस टक्क्यांची वाढ अमलात आली. दरवाढीचे आम्हांस फारसे आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते आकड्यांचे. एकमेकांच्या ग्राहकांवर डोळा ठेवून असलेल्या एअरटेल व व्होडाफोन आयडिया या दोन कंपन्यांच्या नव्या दरपत्रकांत २८ दिवसांच्या योजनांसाठी १९९, २९९ आणि ३४९ हेच तीन आकडे होते. एका रुपयाचाही फरक नव्हता. संगनमत झाले असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणावयास पुरावा लागतो व तो आमच्यापाशी नाही. परंतु म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची विकावयास बसलेल्या दोघी बायकासुद्धा गिऱ्हाईक पलीकडच्या पाटीकडे वळू नये म्हणून पाच-दहा रुपये उतरतात. ज्या बाजारात तेवढेही घडत नाही, तेथील चढाओढ गेली कोठे, हे विचारण्याचा ग्राहकास अधिकार आहे.

चढाओढ होती, आणि तिने या देशाचे कल्याणही केले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी देशातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण केले, तेव्हा मिनिटास सोळा रुपयांपर्यंत मोजावे लागत, आणि आलेला फोन घेतला तरी पैसे पडत. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरीव परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली, कंपन्यांच्या मानेभोवतीचा फास सैल झाला आणि दर उतरू लागले. २००३ साली येणारे फोन विनामूल्य झाले. २००९ च्या जूनमध्ये टाटा डोकोमो ही नवी कंपनी आली आणि तिने सेकंदास एक पैसा हा हिशेब बाजारात आणला. तोपर्यंत पाच सेकंद बोलले तरी मिनिटाचे पैसे कापले जात. जुन्या कंपन्यांना त्यात काही गैर वाटत नव्हते; पण नवी कंपनी ग्राहक पळवू लागताच वर्षअखेरीपर्यंत त्यांनाही सेकंदाच्या हिशेबावर यावे लागले. ही घटना आम्ही मुद्दाम सांगत आहोत. मिनिटाची ती लबाडी सरकारच्या आदेशाने संपली नाही. बाहेरचा एक भिडू आत शिरला म्हणून ती संपली.

त्यानंतरचा मोठा भिडू २०१६ साली आला. त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीच्या दिवशी, म्हणजे ५ सप्टेंबरला, घरोघरी गणपतीची प्रतिष्ठापना चालली असताना जिओची सेवा सर्वांस खुली झाली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत सर्व काही फुकट मिळाले. बोलण्याचे पैसे तर पुढेही घेणार नाही, असे तिने जाहीर केले. त्याआधी एक जीबी डेटासाठी अडीचशे रुपयांच्या घरात मोजावे लागत असत. २०२४ च्या दरवाढीनंतरदेखील जिओच्या २९९ रुपयांत २८ दिवस रोज दीड जीबी, म्हणजे एकूण ४२ जीबी, मिळू लागला. हिशेब जीबीला सात रुपयांवर येतो. आखातात किंवा बोटीवर नोकरीस असलेल्या मुलाचा चेहरा आज काणकोणच्या आईस रोज दिसतो, आणि ज्यांनी पोस्टात ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहिली आहे त्यांना तरी याचे मोल सांगावयास नको.

परंतु फुकटाची ही पंगत उठल्यावर मांडवात कोण उरले? रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या अखेरीस आपली भ्रमणध्वनी सेवा गुंडाळली. एअरसेलने २०१८ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरी जाहीर केली. टेलिनॉर आणि टाटा यांचे ग्राहक एअरटेलकडे गेले. सेकंदाला पैसा आणणारे डोकोमो हे नाव त्यातच लोपले. व्होडाफोन व आयडिया या दोन बड्या कंपन्यांना ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस एका छत्राखाली यावे लागले. दहा-बारा कंपन्या होत्या त्यांच्या जागी तीन खाजगी व एक सरकारी उरली, आणि त्यांतील जिओ व एअरटेल या दोघींकडेच आता देशातील दर चारांपैकी सुमारे तीन ग्राहक आहेत. २०१६ साली दोन हत्तींची झुंज चालली असता गवताला क्वचितच मिळणारे सुख मिळाले. झुंज संपली. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन खेपांना दर वाढले, आणि तिन्ही खेपांना सर्व कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने ते वाढविले.

याचा सारा दोष एका कंपनीच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. सरकारही या पडझडीत भागीदार आहे. २०१० साली लहरींच्या लिलावांतून एक लाख कोटींहून अधिक रुपये तिजोरीत आले तेव्हा दिल्लीत पाठी थोपटल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द केले, ती पाळी २००८ सालच्या मनमानी वाटपाने आणली. पुढे २४ ऑक्टोबर २०१९ च्या निकालाने कंपन्यांचे व्याज, भाडे असले इतर उत्पन्नही परवाना शुल्काच्या हिशेबात धरले गेले. व्होडाफोन आयडियावर ५८ हजार कोटींच्या वर आणि एअरटेलवर सुमारे ४४ हजार कोटींची थकबाकी निघाली. जी कंपनी ही रक्कम देऊ शकत नव्हती तिच्या कर्जाचे सरकारने भागभांडवल करून घेतले आणि २०२५ साली व्होडाफोन आयडियात सरकारचा वाटा ४९ टक्क्यांच्या उंबरठ्यावर गेला. लिलाव पुकारणारे सरकार, थकबाकी मागणारे सरकार, बीएसएनएलचे मालक सरकार आणि प्रतिस्पर्धी कंपनीतील सर्वांत मोठे भागधारकही सरकार! दर वाढले की यांतील कोणत्या सरकारास वाईट वाटावे?

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. भारतातील दर जगातील अत्यंत स्वस्त दरांत मोडतात, लहरींसाठी व मनोऱ्यांसाठी कर्ज काढावे लागते, २०२२ च्या फाइव्ह-जी लिलावातच दीड लाख कोटी रुपयांची बोली झाली, मग पैसा यावयाचा कोठून, असे त्या विचारतात. हा युक्तिवाद पोकळ नाही. दिवसाला दोन जीबी संपविणाऱ्या, चित्रपट आणि क्रिकेट फोनवरच पाहणाऱ्या माणसाने थोडे अधिक द्यावे, याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती जे मागितलेच नाही ते गळ्यात बांधण्याविषयी, आणि ज्याला थोडे हवे आहे त्याला थोडे न मिळण्याविषयी.

२०१८ च्या अखेरीस एअरटेलचा क्रमांक चालू ठेवावयास २८ दिवसांस ३५ रुपये लागत. नोव्हेंबर २०२१ मध्ये हा तळाचा दर ९९ झाला. मग ९९ ची योजनाही एकेका परिमंडळातून काढून घेत २०२३ पर्यंत १५५ वर आणली, आणि जुलै २०२४ पासून १९९. सहा वर्षांत साडेपाच पटींहून अधिक. १९९ मध्ये अमर्याद बोलता येते, थोडा डेटाही मिळतो, हे खरे. पण ज्या म्हाताऱ्या माणसाला स्वतः फोन करावयाचाच नसतो, मुलाचा आलेला फोन घ्यावयाचा असतो आणि बँकेचा संदेश यावा एवढेच हवे असते, त्याने अमर्यादाचे काय करावे? गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठ नागरिकास महिना दोन हजार रुपये मिळतात. ते खात्यात जमा झाल्याचे कळावे म्हणून चालू ठेवलेला फोनच त्यांतील दहावा हिस्सा खाऊन टाकतो. मोठ्या ग्राहकाला टक्केवारीत जाणवणारी वाढ या माणसाला भाकरीत जाणवते.

आणि तो महिना तरी कसला? २८ दिवसांचा. बारा महिने संपतात तेव्हा तेरा वेळा पैसे भरून झालेले असतात. आपल्या पंचांगातही अधिक महिना असतो. पण तो सुमारे बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एकदा येतो, २०२३ साली श्रावण अधिक होता, आणि त्यात जावयास अनारशांचे वाण देतात. कंपन्यांचा अधिक महिना दरवर्षी येतो व वाण ग्राहकाकडून वसूल होते. २९९ रुपयांची योजना घेणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचा वर्षाचा खर्च १५,५४८ रुपये होतो. त्यांतले ११९६ रुपये केवळ या तेराव्या महिन्याचे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढून प्रत्येक प्रकारात किमान एक योजना तीस दिवसांची आणि किमान एक दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतनीकरण होणारी ठेवावी असे बजावले. कंपन्यांनी किमान एक ठेवली. बाकीच्या २८ च्या २८ च राहिल्या.

डिसेंबर २०२४ चा ट्रायचा दुसरा आदेश याहून बोलका ठरला. ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे व संदेश यांची वेगळी योजना द्या, असे त्यात होते. हा आदेश आवश्यक होता आणि ट्रायला त्याचे श्रेय दिले पाहिजे. जिओने जानेवारी २०२५ मध्ये वर्षाची अशी योजना १,९५८ रुपयांस काढली. ट्रायने हे दर तपासून पाहू असे म्हणताच काही दिवसांत तिच्या जागी १,७४८ रुपयांची योजना आली. २१० रुपये उतरले म्हणून ग्राहकाने आनंद मानावा, तोच मुदतीकडे लक्ष जाते. ३६५ दिवसांचे ३३६ दिवस झाले होते! दिवसाचा हिशेब मांडला तर पाच रुपये छत्तीस पैशांचे पाच रुपये वीस पैसे झाले. एअरटेलने १,८४९ रुपयांत निदान ३६५ दिवस दिले. पूर्वी दूधवाला दर तोच ठेवून माप लहान करी. आता पंचांगच लहान करण्याची कला साधली आहे.

कंपनी न आवडल्यास क्रमांक तोच ठेवून दुसरीकडे जाण्याची मुभा ग्राहकाला २०११ पासून आहे, हे खरे. जुलै २०२४ मध्ये लोकांनी ती वापरूनही पाहिली. त्या एका महिन्यात बीएसएनएलचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. एअरटेलचे सुमारे १७ लाख, व्होडाफोन आयडियाचे १४ लाख आणि जिओचे साडेसात लाख घटले. कोणी आंदोलन पुकारले नव्हते, कोणी मोर्चा काढला नव्हता. ही लाट वर्षाच्या अखेरीस ओसरली, कारण बीएसएनएलचे दर स्वस्त असले तरी तिची सेवा गेलेल्या माणसास थांबवून धरील अशी नव्हती. एअरटेलने २०१२ मध्ये कलकत्त्यात फोर-जी सुरू केली होती. बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या फोर-जीचे राष्ट्रार्पण झाले ते २७ सप्टेंबर २०२५ रोजी. दरम्यान २०१९, २०२२ व २०२३ साली मिळून तिच्या पुनरुज्जीवनासाठी तीन लाख कोटींहून अधिक रुपयांच्या योजना मंजूर झाल्या. हा पैसा सत्तरी, सांगे व काणकोणच्या डोंगराआड कितपत पोचला, ते तेथील लोक सांगू शकतील. २०२० च्या टाळेबंदीत शाळेचा वर्ग भरविण्यासाठी टेकडीवर चढून संदेशलहरी शोधणारी मुले याच तालुक्यांतील होती. जेथे एकाच कंपनीचा मनोरा दिसतो, तेथे क्रमांक बदलण्याचा हक्क कागदावरच राहावयाचा.

येथे गोव्याची आणखी एक अडचण आहे. १९८७ साली घटक राज्य झालेला गोवा दूरसंचाराच्या नकाशावर आजही महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. त्यामुळे पूर्वी पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्यास गेले तर फोन घरचाच राही आणि पोळेचा नाका ओलांडून कारवारास गेले की तो परक्या मुलखात जाई. रोमिंगचा हा भुर्दंड २०१७ च्या सुमारास संपला. पण ट्रायच्या मासिक अहवालांत गोव्यातील ग्राहक महाराष्ट्राच्या आकड्यांत मिसळलेले असतात, आणि आपल्या राज्यात कोणत्या कंपनीचा वाटा किती हे त्यांतून वेगळे काढता येत नाही. रोग किती आहे हे ज्याला मोजता येत नाही त्याने औषध कोणाकडे मागावे? गोव्याचे आकडे वेगळे प्रसिद्ध व्हावेत, एवढी मागणी आमच्या खासदारांनी लावून धरावी; तिला पैसाही लागत नाही.

दर कंपन्यांनी ठरवावेत आणि ट्रायला कळवावेत, हे धोरण बाजारात दहा-बारा भिडू होते तेव्हा शहाणपणाचे होते. मिनिटाची लबाडी मोडावयास तेव्हा डोकोमो येऊ शकला. आता लहरींचे भाव आणि मनोऱ्यांचा खर्च पाहता नवा भिडू या मैदानात उतरेल असे दिसत नाही. म्हणून जे काम नवागताने केले असते ते ट्रायने करावयास हवे. सर्व दर बांधून द्या असे आम्ही म्हणत नाही. केवळ क्रमांक चालू ठेवू इच्छिणाऱ्या ग्राहकासाठी तळाच्या एका योजनेचा दर ट्रायने तपासून ठरवावा, आणि प्रत्येक योजनेची किंमत तीस दिवसांच्या हिशेबाने छापण्याची सक्ती करावी. राहिला तेरावा महिना. २०२२ च्या आदेशातील ‘किमान एक’ हे शब्द काढून तेथे ‘सर्व’ हा शब्द घालण्यास संसदेत नवा कायदा आणावा लागत नाही. ट्रायच्या दुरुस्ती आदेशाने ते काम होते.