बापाने सोडवलेलं वल्हं

मागच्या हिवाळ्यात मी आणि माझा एक मित्र प्रयागराजहून वाराणसीला गेलो. सडकेने हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. आम्ही गेलो गंगेतून, हवा भरून फुगवायच्या दोन माणसांच्या कयाकमध्ये बसून, वल्हवत. नदीच्या वळणांमुळे तेच अंतर सव्वादोनशेच्या घरात जातं. आठ दिवस लागले. निघताना दोघांनीही घरी खोटं सांगितलं होतं: ऑफिसच्या कामाला चाललोय.

माझ्या खोटेपणाचं कारण पाणी. आमच्या घरात माझ्याआधी कुणालाच पोहता येत नव्हतं. गावची विहीर आमची नव्हती. जी पोरं दुपारभर तिच्यात सूर मारायची ती पोहायला शिकली, आम्ही लांबून बघायला शिकलो. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघायला 1937 साल उजाडलं. नुसतं पाणी पिण्यासाठी दहा वर्षं लढावं लागलं, तिथे पोहण्याची गोष्ट कोण काढणार? मी पोहायला शिकलो वयाच्या चोविसाव्या वर्षी, विद्यापीठाच्या तलावात, शाळकरी पोरांच्या रांगेत उभं राहून. "पाण्यात उतरू नको" असं आई आजही म्हणते. ही भीती तिची एकटीची नाही, ती गावाने घडवलेली आहे.

मित्राचं कारण नेमकं उलटं. तो बिहारचा, गंडकच्या काठचा, मल्लाह. त्याच्याकडे पाण्याची भीती नाही, वल्ह्याची मनाई आहे. वडिलांनी जन्मभर नाव चालवली, पण मुलाला वल्ह्याला हात लावू दिला नाही. हे एकदा धरलंस तर सुटणार नाही, असं ते म्हणायचे. पोरगा घरातला पहिला पदवीधर झाला, नोकरीला लागला, आणि पगारातून त्याने पहिली हौसेची वस्तू घेतली ती वल्हं. हे बापाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्याच दिवशी आम्ही वाळूत रुतलो. मोबाईलच्या नकाशात जिथे खोल धार दिसत होती तिथे घोटाभर पाणी होतं. दर पावसाळ्यात गंगा आपली वाळू हलवते, नकाशातली नदी जुनी असते. डोंगीतून जाळं टाकणाऱ्या एका म्हाताऱ्याने आमची फजिती पाहिली आणि हातानेच दिशा दाखवली. मग त्याने सांगितलं, की ज्या बाजूचा काठ कोसळतो त्या बाजूला पाणी खोल असतं. तिकडून जा, पण काठाला चिकटून जाऊ नका, दरड अंगावर येईल. समोरच्या बाजूला वाळू साचते, तिथे अडकाल. या चार वाक्यांवर आमचे पुढचे सहा दिवस निघाले. इंजिनिअरिंगच्या वर्गात हेच शिकवलं तर त्याला शास्त्र म्हणतात. म्हाताऱ्याने सांगितलं की तो त्याचा 'जातीचा धंदा' होतो.

मग त्याने मित्राला विचारलं, "कौन बिरादर?" मित्र क्षणभर थांबला आणि खरं बोलला. म्हातारा हसत सुटला. मल्लाहाचा पोरगा, आणि पैसे मोजून नाव वल्हवतोय!

मी मात्र खरं बोललो नाही. पुढे एका गावात रात्री मुक्कामाला जागा मागितली तेव्हा हाच प्रश्न आला. मी फक्त "महाराष्ट्र से" एवढंच म्हणालो आणि विषय बदलला. ओसरी मिळाली, गरम जेवण मिळालं. जातीवर लेख लिहिणारा मी त्या ओसरीवर बराच वेळ जागा होतो. माझी पदवी नव्हे, माझं गप्प राहणं त्या रात्री कामाला आलं होतं.

नदी सगळ्यांची असं म्हणतात. कागद वेगळं सांगतात. 1878 च्या नॉर्दर्न इंडिया फेरीज कायद्याने सार्वजनिक उतारघाट सरकारच्या ताब्यात घेतले आणि त्यांची वसुली ठेक्याने देण्याची वाट मोकळी केली. ज्याच्या आजोबाने घाट चालवला त्याने ठेकेदाराला पैसे द्यायचे. 1986 मध्ये प्रयागराज ते हल्दिया हा 1620 किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 1 झाला. जानेवारी 2023 मध्ये वाराणसीहून दिब्रुगडसाठी आलिशान क्रूझ निघाली. आणि मल्लाह? दिल्लीत आणि पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जात, बिहारमध्ये अतिमागास. नदी राज्य ओलांडते, वल्हं ओलांडतं, सवलत मात्र सीमेवर थांबते.

आता मुद्द्याचं बोलतो. आपण पहिल्या पिढीतले पदवीधर बापाच्या कामाकडे दोनच नजरांनी बघतो. एक तर लाजतो, नाहीतर त्याचं गोडवं गाणारे लेख लिहितो. दोन्ही चूक आहे. मित्राच्या वडिलांनी वल्हं सोडायला लावलं ते बरोबरच होतं, कारण ते त्यांनी निवडलेलं नव्हतं. 1936 च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी हेच दाखवलं आहे: जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, आणि तिच्यात माणसाच्या आवडीला जागाच नाही. वल्हं तेच, नदी तीच. जन्माने हातात दिलं की बेडी होते, स्वतः उचललं की खेळ. फरक निवडीचा आहे, आणि जात नेमकी निवडच हिरावून घेते.

म्हणून हौस ही चैनीची गोष्ट नाही. पोहणं, भटकणं, डोंगर चढणं हे 'त्यांचे' छंद नाहीत. आणि ज्यांना अजून निवड मिळालेली नाही, त्या नावाड्यांचा घाटावरचा हक्क आणि त्यांचं ज्ञान या दोन्हींसाठी बोलणं हे आपल्या पदवीचं काम आहे.

वाराणसीच्या घाटावरून मित्राने वडिलांना व्हिडिओ कॉल केला आणि वल्हं दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याला दोन्हीकडे पातं कशाला?" थोड्या वेळाने विचारलं, "हाताला फोड आले का?" आले होते.

मी आईला अजून सांगितलेलं नाही. हा लेख तिला वाचून दाखवणार आहे.