तळ्याची शोभा

वाशीम नगरास तळी नवी नाहीत. पद्मतीर्थ हे तेथील प्राचीन तीर्थ होय. भवानी काळू यांनी १७७९ साली बांधलेल्या बालाजी मंदिराजवळ देवतलाव आहे. अशा नगरात कोणी शोभेसाठी आणखी एक तळे सुचविले, तर ते सर्वांस आवडेल. परंतु होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट पाण्याच्या वाटेची. वाशीमकडील काळी माती भिजली की फुगते आणि पाणी लवकर जिरू देत नाही. अशा जमिनीवर तळ्याच्या बांधाने नाला अडला, तर पावसाळ्यात पाणी घरांत शिरेल. म्हणून तळ्यास सांडवा हवा.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. सांडपाणी व निर्माल्य तळ्यात पडत राहिले की शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच थेंबे थेंबे ते नासतेही!

एवढी काळजी वर्षानुवर्षे घेण्याची तयारी असेल, तरच नवे तळे खोदावे. नसेल, तर जुन्या तळ्यांतील गाळ उपसणे अधिक शहाणपणाचे. निर्मळ पाणी हीच तळ्याची खरी शोभा होय.