चालेल हो!

मराठीतला सगळ्यात महागडा शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी एका दमात सांगेन, 'चालेल'. मेथीची जुडी जरा कोमेजली आहे, चालेल. जेवायला दोनाऐवजी पाच माणसं येणार आहेत, चालेल. माणसामाणसांत हा शब्द फार गोड आहे, निम्मे संसार त्याच्यावर उभे आहेत. पण हाच शब्द कॉम्प्युटरच्या दुकानातल्या काउंटरवर येऊन बसला की थेट आपल्या खिशात हात घालतो. घरी पहिलावहिला पीसी जुळवायला निघालेलं पोरगं विचारतं, "काका, या मदरबोर्डाला ही रॅम होईल ना?" आणि पलीकडून उत्तर येतं, "चालेल हो! रॅम ती रॅम." माझं भांडण आहे ते या वाक्याशी.

मुळात रॅम ती रॅम नसते. डीडीआर४ चं मानक जेडेक या संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केलं, डीडीआर५ चं २०२० साली. दोन्ही पट्ट्यांना पिना २८८च, लांबीही सारखीच. पण खाच वेगळ्या जागी आणि व्होल्टेजही वेगळं (डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१). एकीच्या खोबणीत दुसरी बसत नाही. एवढं कळलं की झालं असं वाटतं, पण नाही! इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना दोन्ही प्रकार चालतात, बोर्डाला मात्र साधारणपणे एकच. मग जवळजवळ एकाच नावाचे दोन बोर्ड बाजारात येतात आणि त्यातल्या एकाच्या शेपटीला 'डी४' किंवा 'डीडीआर४' लावलेलं असतं. ती शेपटी वाचायची राहिली की संपलं. एएमडीच्या एएम५ बोर्डांना तर डीडीआर५ शिवाय दुसरं काही चालतच नाही.

तरी हा घोळ त्यातल्या त्यात सज्जन म्हणायचा. रॅम बसतच नाही, म्हणजे निदान लगेच कळतं. दुसरा प्रकार बसतो, पण सुरू होत नाही. जुन्या सर्व्हरमधून काढलेली 'ईसीसी रजिस्टर्ड' डीडीआर४ रॅम स्वस्तात मिळते. तिची खाच त्याच जागी, त्यामुळे घरच्या बोर्डात ती ऐटीत बसते आणि स्क्रीन मात्र काळाच्या काळा. मग कुणीतरी जाणकार सांगतो, "खोडरबराने पट्टी घासून बघ." खोडरबराने पिनांवरचा मळ जातो हे खरं, आणि आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत तो उपाय कधीकधी लागूही पडतो. पण घासून रॅमचा प्रकार बदलत नाही ना राव!

सगळ्यात वाईट तिसरा प्रकार. पीसी सुरू होतो, विंडोज येतं, घरात पेढे वाटले जातात, आणि मग आठवड्यातून दोनदा तो मध्येच निळा पडतो. कधी गेम खेळताना, कधी प्रोजेक्ट द्यायच्या आदल्या रात्री. याचं एक नेहमीचं मूळ म्हणजे आपली हप्त्याहप्त्याने वस्तू घ्यायची सवय. "आत्ता एक पट्टी घे, दिवाळीत दुसरी टाकू." दिवाळीत तीच कंपनी, तेच मॉडेल आणलं तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, कारण कंपन्या मॉडेलचं नाव तेच ठेवून चिप बदलतात. एका खोक्यात दोन पट्ट्यांची जोडी मिळते ती एकमेकींबरोबर तपासलेली असते. दोन खोक्यांतल्या दोन पट्ट्यांची तशी हमी कुणीच देत नाही. आणि चारही खोबणी भरल्या की वेग आणखी पडतो. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेसाठी कंपनीनेच दिलेला आकडा दोन पट्ट्यांना ५२००, चार पट्ट्यांना ३६००.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याचंही तसंच. ६००० लिहिलेली रॅम घरी आणून लावली की ती बहुधा ४८०० किंवा ५६०० अशा मूळ वेगाने धावते. ६००० हवं असेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करावं लागतं, आणि प्रोसेसरवाल्या कंपन्या त्याला चक्क ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. म्हणजे तो आकडा आपल्या बोर्डावर आणि प्रोसेसरवर टिकेलच असं नाही.

आपल्याकडे लग्न ठरवताना ३६ पैकी किती गुण जुळतात ते बघतात, १८च्या खाली गेले की चेहरे पडतात. मी काही पत्रिकावाला नाही. पण ज्या घरात ग्रहांचं जुळणं इतकं बारकाईने बघतात, त्याच घरात रॅम आणि बोर्डाचं जुळणं काउंटरवरच्या दोन शब्दांवर सोडून देतात, हे गमतीचं आहे. शिवाय इथे तर पत्रिका छापील आणि फुकट आहे! बोर्ड बनवणारी प्रत्येक मोठी कंपनी आपल्या वेबसाइटवर त्या त्या मॉडेलखाली तपासलेल्या रॅमची यादी ठेवते. क्यूव्हीएल म्हणतात तिला. रॅमचा पूर्ण पार्ट नंबर त्या यादीत शोधायचा, झालं.

यावर ठरलेली उत्तरं येतात. "आमच्या ऑफिसात दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या वर्षानुवर्षं चालताहेत." चालत असतील. मूळ वेगावर मिसळलेल्या पट्ट्या पुष्कळदा चालतात, आणि यादीत नसलेली रॅमही चालू शकते, कारण जगातली प्रत्येक पट्टी कुणी तपासत बसत नाही. पण 'पुष्कळदा' या शब्दावर पैसे लावायचे ते ज्याच्याकडे जास्तीचे आहेत त्याने. दुसरं उत्तर, "दुकानदाराला अनुभव असतो." असतो ना, भरपूर असतो. लॅमिंग्टन रोडवर काही दुकानदार असे आहेत की त्यांच्याकडून शिकावं. पण 'चालेल' म्हणणाऱ्याला त्या चालण्याची काही झळ नसते. रात्री दोन वाजता निळ्या स्क्रीनसमोर तो बसत नाही, पोरगं बसतं. आणि घरच्यांचा निकाल तयार असतो, "सांगितलं होतं ना, तयार घे म्हणून! घरी जुळवलेलं असंच असतं." दोष रॅमचा, नाव पोराचं. मला राग येतो तो याचा. पहिल्याच प्रयत्नात 'तुला जमत नाही' असं ऐकलेलं पोरगं पुन्हा स्क्रू ड्रायव्हर हातात घेईलच असं नाही.

एरवी हे सगळं थोडक्यात निभावलं असतं. पण २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले. एआयसाठी जगभर उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना मेमरी हवी, आणि चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच. त्यांतल्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांचा आपला 'क्रुशल' हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवी मुंबईकरांना हे लांबचं वाटायला नको. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या, पनवेलला योट्टाचं भलंमोठं केंद्र २०२० मध्ये सुरू झालं. त्या धंद्याशी आपल्या पोराची १६ जीबी स्पर्धेला उभी आहे. अशा वेळी चुकीची पट्टी म्हणजे किरकोळ नुकसान राहत नाही.

बरं, परत द्यायला जावं तर? वाशीहून निघायचं, कुर्ल्याला गाडी बदलायची, दादरला बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं, आणि काउंटरवर पाटी, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण न जुळणारी रॅम सदोष नसते, ती फक्त तुमच्या बोर्डाला नको असते! दुसऱ्या पीसीवर लावून दाखवली की दुकानदार मोकळा. तोंडी 'चालेल' बिलावर छापून येत नाही.

म्हणून उपाय एकच, तो शब्द कागदावर आणायचा. आधी बोर्ड ठरवा, शेपटीसकट. मग त्याच्या यादीतून दोन-तीन पार्ट नंबर लिहून न्या. शक्यतो दोन पट्ट्यांची एक जोडी घ्या, आणि बिलावर बोर्डाचं आणि रॅमचं पूर्ण मॉडेल लिहून खाली 'या बोर्डासाठी' एवढं लिहायला सांगा. जो लिहील त्याच्याकडून घ्या, जो हसेल त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. घरी आल्यावर दोन पट्ट्या कुठल्या खोबणीत ते मॅन्युअलमध्ये बघा (चार खोबणी असतील तर बहुधा प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी). एएम५ बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं काळा स्क्रीन दाखवतो, रॅमशी ओळख करून घेत असतो, तेव्हा घाबरून बटण दाबू नका. आणि पेढे वाटण्याआधी एक रात्र मेमटेस्ट८६+ चालू ठेवा, फुकट आहे. सकाळी एकही चूक दिसली तर त्याच दिवशी बिल घेऊन दुकान गाठा.