पाठवणाऱ्यांचा हिशेब

अमेरिकेतील एखाद्या लहान गावातले तरुण ख्रिस्ती जोडपे आफ्रिकेत किंवा आशियात धर्मकार्यासाठी जायचे ठरवते, तेव्हा निघण्यापूर्वीची त्याची एक-दोन वर्षे कशात जातात? परकी भाषा शिकण्यात, असे सामान्य वाचकास वाटेल. प्रत्यक्षात त्यातला मोठा काळ वर्गणी गोळा करण्यात जातो. अनेक इव्हँजेलिकल संस्थांचा नियमच असा आहे की, जाणाऱ्याने आपल्या वेतनाची तरतूद स्वतः करावी. संस्था फक्त मासिक खर्चाचा आकडा ठरवून देते : घरभाडे, विमा, मुलांचे शिक्षण, रजेचा विमानप्रवास, म्हातारपणाची पुंजी, आणि शिवाय संस्थेच्या कचेरीचा वाटा. मग नवरा-बायको रविवारमागून रविवार निरनिराळ्या चर्चमध्ये जातात, भाषणे करतात, चित्रे दाखवतात, कुटुंबाचे छायाचित्र छापलेली कार्डे वाटतात आणि दरमहा अमुक डॉलर देऊ अशी वचने मिळवतात. वचनांची बेरीज आकड्याला पोचली की तिकीट निघते. हडसन टेलर यांनी 1865 साली ‘चायना इनलँड मिशन’ स्थापन केले, तेव्हा दोन नियम घातले होते : ठरावीक पगार मिळणार नाही, आणि पैशासाठी माणसांपुढे हात पसरायचा नाही. आजच्या संस्थांनी पहिला नियम निष्ठेने पाळला आहे. दुसरा मात्र त्या सोयीस्करपणे विसरल्या.

या जोडप्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. नोकरी सोडून, घर विकून, म्हाताऱ्या आईबापांचा निरोप घेऊन निघणारी माणसे ढोंगी नसतात. आक्षेप आहे तो व्यवस्थेवर. जो पैसा देतो त्यालाच हिशेब द्यावा लागतो, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. दूरच्या गावी पोचल्यावर जोडप्याने पाठवायचे नियमित वार्तापत्र इंग्रजीत असते आणि ते देणगीदारांकडे जाते. ज्या गावाविषयी ते लिहिलेले असते, त्या गावाच्या दृष्टीस ते बहुधा पडतही नाही. देणगी टिकायची तर पत्रात यश दिसले पाहिजे. आणि वर्षभर शेजाऱ्यांशी नुसती ओळख वाढवली, हे काही छापण्याजोगे यश नव्हे. मग बाप्तिस्म्यांची संख्या, सभेची गर्दी, गावाचे दारिद्र्य यांना पत्रात भाव येतो. गाव हा कच्चा माल होतो आणि पत्र हा पक्का.

ही पद्धत नवी नाही. परदेशी पाठवायच्या मंडळींना ‘अमेरिकन बोर्डा’ने दीक्षा दिली ती सेलम येथे, 6 फेब्रुवारी 1812 रोजी. दीक्षा पाच पुरुषांना मिळाली. त्यांच्यापैकी अ‍ॅडोनिराम जडसन यांचा विवाह आदल्याच दिवशी झाला होता, आणि सॅम्युएल न्यूएल यांचा तीन दिवसांनी झाला. 19 फेब्रुवारीस दोन्ही जोडपी जहाजावर चढली. जडसन यांनी अ‍ॅनच्या वडिलांना आधी पत्र लिहून विचारले होते : मुलीची या जगात पुन्हा भेट होणार नाही, तिला हालअपेष्टा आणि कदाचित भयंकर मृत्यूही सोसावा लागेल, याला तुमची संमती आहे काय? पत्र प्रांजळ आहे. वडिलांनी निर्णय अ‍ॅनवर सोपवला आणि ती स्वखुशीने गेली. पण संमती विचारली ती सोसण्याची. कोठे जायचे, किती पैशात राहायचे, काय शिकवायचे हे ठरवणाऱ्या बोर्डात एकही स्त्री नव्हती.

हॅरिएट न्यूएल त्या वेळी अठरा वर्षांची होती. कंपनी सरकारने कलकत्त्यात राहू दिले नाही, म्हणून हे जोडपे मॉरिशसकडे निघाले. वाटेत, जहाजावरच, तिची मुलगी जन्मली आणि मेली. 30 नोव्हेंबर 1812 रोजी, एकोणिसाव्या वर्षी, क्षयाने तीही गेली. एकाही माणसाला धर्मोपदेश करण्याइतका अवधी तिला मिळाला नाही. पण 1814 साली तिचे चरित्र छापले गेले, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि ते वाचून कित्येक तरुण-तरुणी मिशनकडे वळल्या. तिच्या जगण्याने जे साधले नाही, ते तिच्या मृत्यूने साधले. पुढे मुंबईस आलेल्या न्यूएल यांनी गॉर्डन हॉल यांच्यासह 1818 साली पुस्तक लिहिले ते जगातील साठ कोटींच्या धर्मांतराविषयी, आणि ते साधण्याच्या चर्चच्या ऐपतीविषयी. साठ कोटींचे काय म्हणणे आहे, हा प्रश्न त्या गणितात बसत नव्हता.

घरातल्या हिशेबाची दुसरी बाजू पर्ल बक यांनी दाखवली. त्यांचे आईबाप 1880 साली लग्न होताच चीनला गेले. सात मुलांपैकी चार लहानपणीच दगावली. वडील बायबलचे चिनी भाषांतर करीत आणि त्याच्या छपाईचा खर्च घरखर्चातून भागवला जाई. घर मात्र आईने चालवायचे. 1936 साली प्रसिद्ध झालेल्या आईच्या चरित्राला मुलीने ‘निर्वासिता’ या अर्थाचे नाव दिले, हे पुरेसे बोलके आहे. याउलट, 1827 साली मुंबईस एकट्या आलेल्या, पुढे अहमदनगरला मुलींची शाळा चालवणाऱ्या आणि जोतीराव फुल्यांना प्रेरणा देणाऱ्या सिंथिया फरार बाईंची नोंद त्यांच्या स्वतःच्या नावाने आहे. कोणाची पत्नी म्हणून नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण अशा टीकेवर हात शेकून घ्यायला दुसरी मंडळी टपलेलीच असतात. जानेवारी 1999 मध्ये ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स यांना दोन कोवळ्या मुलांसह जिवंत जाळणाऱ्यांचा आणि या टीकेचा काडीचाही संबंध नाही. धर्म सांगण्याचे, ऐकण्याचे आणि बदलण्याचे स्वातंत्र्य ज्याचे त्याचे आहे. धर्मांतराला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी मागणारे कायदे गरिबाला अक्कल नाही असे गृहीत धरतात, आणि नेमके तेच गृहीत देणगीदाराच्या वार्तापत्रातही असते.

खरा आक्षेप आला तो ख्रिस्ती माणसांकडूनच. केनियातील प्रेस्बिटेरियन चर्चचे नेते जॉन गाटू यांनी 1971 साली मागणी केली की, पाश्चात्त्य मिशनरी आणि पाश्चात्त्य पैसा काही काळ थांबवावा. 1974 साली लुसाका येथे भरलेल्या आफ्रिकेतील चर्चच्या परिषदेनेही ती उचलून धरली. पाठवणाऱ्यांना हा कृतघ्नपणा वाटला. तत्पूर्वी अर्धशतक आधी, 1917 साली, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. परक्यांच्या पैशावर पोसलेला ख्रिस्त या मातीत रुजणार नाही, असे त्यांना वाटत होते. (बाप्तिस्मा घेताना याच टिळकांनी लक्ष्मीबाईंना विचारले नव्हते, हेही येथे नमूद करणे भाग आहे.)

काही जुनी चर्चे आता स्थानिक चर्चने बोलावल्याशिवाय माणूस पाठवत नाहीत. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांनाही हे अशक्य नाही. जिथे जायचे तिथल्या लोकांचे निमंत्रण आधी हाती यावे, वर्गणीचे भाषण नंतर व्हावे. पत्नीचे वेतन तिच्या नावे निराळे लिहावे. एका परदेशी कुटुंबाच्या खर्चात तिथले किती शिक्षक, किती पाळक पोसले गेले असते, हा आकडा देणगीदारांच्या पत्रात दरवर्षी छापावा. आणि ते पत्र त्या गावाच्या भाषेत, त्या गावाच्या चर्चच्या दारावर लावावे.