संगणकाशी गट्टी : झाडं नसलेलं मैदान



गेल्या रविवारी भर दुपारी आमच्या शेजारचा आठवीतला मुलगा तोंड पाडून ओट्यावर येऊन बसला. दर्यापूरच्या उन्हात कुणी उगाच येत नाही, तेव्हा काहीतरी बिघडलंय हे मी ओळखलं. महिनाभर तो संगणकावर स्वतःचा क्रिकेटचा गेम तयार करत होता. अकरा खेळाडू, दोन पंच, प्रेक्षक, धावफलक, वर टाळ्यांचा आवाज. आता त्याचा जुना संगणक त्या ओझ्याने जागच्या जागी अडकत होता.

"काका, माह्याच्यानं नाई होत. मी सोडून देतो."

मी समजूत वगैरे घातली नाही. इंटरनेटवर एका जुन्या गेमचा व्हिडिओ लावून दिला. नाव लीडर बोर्ड, साल १९८६, खेळ गोल्फ.

"हे तं निरं हिरवं अन् निळं हाये. झाडं कुठी गेले?"

झाडं नाहीतच! पण थांबा, आधी गोल्फ म्हणजे काय ते सांगतो. गोट्या खेळताना आपण गल करतो ना? तसंच. फक्त इथे गल शेकडो मीटर दूर, वाटीएवढी, आणि चेंडू काठीने मारायचा. सर्वांत कमी फटक्यांत जो पोचवेल तो जिंकला.

हा गेम केला अमेरिकेतल्या ॲक्सेस सॉफ्टवेअरच्या ब्रूस आणि रॉजर कार्व्हर यांनी. त्यांचं गाव सॉल्ट लेक सिटी, खाऱ्या सरोवराशेजारचं. (आपणही खारपाण पट्ट्यातलेच, त्यामुळे मला उगाच जवळीक वाटते!) त्यांच्यापुढे होता कमोडोर ६४ हा घरगुती संगणक. त्याची स्मृती ६४ केबी. म्हणजे किती? आजचा संगणक देवनागरीतल्या एकेका चिन्हाला साधारण ३ बाइट जागा देतो. त्या हिशेबाने तुमच्या हातातला हा लेख झाला सुमारे १० केबी. असे सहा लेख ठेवले की ते यंत्र गच्च भरलं! मोबाइलवरचा ३ एमबीचा एक फोटो ठेवायला तसले ४८ संगणक लागतील.

एवढ्याशा जागेत मैदान, वारा, चेंडू, खेळाडू बसवायचे. मग त्यांनी झाडं काढली, वाळूचे खड्डेही काढले. राहिली पाण्यात तरंगणारी हिरवी बेटं. आणि ठेवलं काय? चेंडूचं उडणं. तो दूर जाताना लहान होतो, खाली त्याची सावली पळते. आणि ठेवला हाताचा नेम. बटण दाबून धरलं की जोराचा पट्टा वर चढू लागतो. हवा तेवढा जोर झाला की सोडायचं. मग पट्टा खाली येताना नेमक्या रेघेवर पुन्हा दाबायचं. क्षणभर चुकलात की चेंडू वाकडा होऊन थेट पाण्यात! ही खरी गंमत. हात थरथरतो, तो चित्रातल्या झाडांमुळे नव्हे.

झाडं आणि वाळू १९८७ सालच्या पुढच्या भागात आली. मग वर्ल्ड क्लास लीडर बोर्डमध्ये स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज हे खरंखुरं मैदान आलं. १९९० साली पीसीसाठी लिंक्स निघाला, आणि १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. लीडर बोर्ड स्पेक्ट्रमवरही चालायचा. हाच स्पेक्ट्रम भारतात 'डीबी स्पेक्ट्रम' नावाने विकला जाई. त्याची स्मृती तर ४८ केबीच, आणि गेम यायचा कॅसेटवर. टेपरेकॉर्डर लावून काही मिनिटं किर्र-किर्र ऐकायचं, तेव्हा कुठे खेळ सुरू!

आता गणिताची चौकटीची वही काढा. चेंडू दर टप्प्याला २ घरं पुढे न्या. वर मात्र आधी ४ घरं, मग ३, मग २, १, ०. त्यानंतर खाली १, २, ३, ४. उंची होईल ४, ७, ९, १०, १०, ९, ७, ४, ०. ठिपके जोडा. बघा, उडाला की नाही चेंडू? नऊ टप्प्यांत १८ घरं गेला. समोरून वारा आहे असं समजून पुढे २ ऐवजी १ घर न्या, तो नवव्या घरातच पडेल. यात अवघड काही नाही, वजाबाकी येते ना?

पालकहो, हे पान तुम्हीही वाचता हे मला ठाऊक आहे. मूल गेम खेळतंय की गेम करतंय, हे पाठीमागून ओरडून कळत नाही. जरा शेजारी बसावं लागतं.

हे ठिपके मी त्या मुलालाही काढायला लावले. बराच वेळ तो वहीकडे बघत राहिला.

"मंग प्रेक्षक काढू?"

"तुझा गेम, तू ठरव."

"टाळ्या तं ठेवतोच," म्हणाला आणि उन्हातच घरी पळाला.

परवा पुन्हा आला. प्रेक्षक गेले होते, पंच गेले होते, दहा क्षेत्ररक्षकही गेले होते. एक बॅट, एक चेंडू. संगणक आता अडकत नव्हता. चेंडू झकास उडाला, टाळ्या वाजल्या, आणि खाली आल्यावर तो जमिनीतून आरपार निघून गेला.

त्याचं काम सध्या चालू आहे.