प्रथमोपचार प्रथम कोणी करावयाचा?

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली विजेवर चालणाऱ्या दुचाकी टॅक्सींना मान्यता दिली, तेव्हा त्या विषयाचा काथ्याकूट करण्यात कोणीही कसूर केली नाही. भाडे किती असावे, रिक्षावाल्यांच्या पोटावर पाय येईल काय, स्त्री-प्रवाशांच्या सुरक्षिततेचे काय, यावर भरपूर भवति न भवति झाली आणि ती होणे योग्यच होते. परंतु दिवसाचे दहा-बारा तास रस्त्यावरच काढणाऱ्या या माणसाच्या डोळ्यांदेखत अपघात घडला तर त्याने काय करावे, हा प्रश्न आमच्या तरी कानी आला नाही.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा केंद्र सरकारचाच आहे, आणि या मृतांत शंभरातील चाळिसांहून अधिक दुचाकीवरचे होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तीत दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणून स्थान मिळाले. आपल्या जुन्या कालगणनेतील घटका चोवीस मिनिटांची; म्हणजे कायद्याने जखमीला अडीच घटकांची मुदत दिली म्हणावयाची. मांडीतील मोठी रक्तवाहिनी तुटलेल्या माणसाला निसर्ग कित्येकदा पाव घटकाही देत नाही. बेशुद्ध होऊन उताणा पडलेल्याची जीभ मागे जाऊन श्वास कोंडला, तरी तीच गत. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावत आहेत व त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांनाही याच गर्दीतून वाट काढावी लागते. त्या येईपर्यंत जखमीपाशी जो उभा असेल, तोच त्याचा वैद्य.

ही गोष्ट पूर्व आफ्रिकेतील युगांडाने आपल्याआधी ओळखली. तेथे मोटरसायकल टॅक्सीला ‘बोडा-बोडा’ म्हणतात. केनियाच्या हद्दीवर एका नाक्यापासून दुसऱ्या नाक्यापर्यंत सायकलवरून माणसे पोहोचविणारे ‘बॉर्डर, बॉर्डर’ असे ओरडत, त्याचा हा अपभ्रंश सांगतात. देशाच्या पूर्वेकडील महामार्गावरच्या इगांगा गावी २०१६ साली अशा १५४ चालकांना प्रथमोपचार शिकविण्यात आले. सिएरा लिओनमधील माकेनी येथे २०१९ साली अशाच चालकांसह हजारावर सामान्य नागरिकांना हे शिक्षण मिळाले. दोन्ही देश आपल्याहून गरीब आहेत. रुग्णवाहिकांचा ताफा उभा करण्याइतका पैसा नव्हता, म्हणून त्यांनी चौकात आधीच उभ्या असलेल्या माणसाला हाताशी धरले.

शिकवावयाचे तरी असे किती? वाहत्या जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे. श्वास चालू असलेल्या बेशुद्ध माणसाला, मान सांभाळून, कुशीवर करावे. जखमेत रुतलेली वस्तू उपटू नये. पाणी पाजू नये. याहीपेक्षा, काय करू नये हे कळण्यातच अर्धा लाभ आहे. कण्याला इजा झालेल्या माणसाला उचलून दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर कोंबून इस्पितळ गाठण्याची जी सद्भावनेची घाई आपल्याकडे चालते, तिने किती जण जन्माचे पांगळे झाले असतील, याची नोंद कोणत्याच दप्तरात सापडावयाची नाही.

शाळांतील बालवीर पथकात त्रिकोणी पट्टी बांधावयास शिकलेली मुले पुढे कचेरीत बसतात आणि ती गाठ विसरून जातात. चौकात उभे राहणाऱ्याला शिकविले, तर विसरण्याची सवड त्याला कमी मिळेल. गोव्यात पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकली घेऊन ‘पायलट’ कित्येक दशके बसस्थानकांपाशी, बाजारांत उभे आहेत. आरंभ तेथूनही करता येईल.

“मेला तर बालंट आमच्यावर” ही भीती मात्र अद्याप गेलेली नाही. वास्तविक मदत करणाऱ्यास छळापासून वाचविणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४-अ ने तर सद्भावनेने मदत करताना चूक घडली तरी दिवाणी-फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले. हे कलम चौकातील हवालदाराच्या तोंडून चालकाला ऐकू आले पाहिजे; राजपत्रात ते कोण वाचतो?

या सूचनेला आक्षेप येतील, आणि त्यांतला एक आम्हालाही वजनदार वाटतो. शासन आपली जबाबदारी गरिबाच्या खांद्यावर ढकलून मोकळे होईल, हा तो आक्षेप. यासाठीच चालकांचे शिक्षण रुग्णवाहिकांच्या बदल्यात मानता कामा नये. दुसरा धोका कागदी प्रमाणपत्राचा. बसच्या वाहकाला बिल्ला मिळविण्यासाठी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र द्यावे लागते, हे किती प्रवाशांना ठाऊक आहे? आणि अशा किती वाहकांच्या हाताला ती विद्या आज आठवेल? म्हणून परवान्यापूर्वी प्रत्यक्ष हातांनी करून दाखविण्याची परीक्षा असावी, दर दोन वर्षांनी ती पुन्हा व्हावी, आणि हातमोजे व पट्ट्या गाडीसोबतच मिळाव्यात. दुसऱ्याच्या रक्ताला उघड्या हाताने भिडावयास कोणासही सांगू नये. शिकण्याच्या दिवशी बुडालेली कमाई कोणी भरून द्यावयाची, हेही आधीच ठरले पाहिजे. मोबाइलवरून या टॅक्सी पुरविणाऱ्या कंपन्यांनी ती द्यावी असे आमचे मत आहे. या धंद्यावर नफा त्याच मिळवितात.